कोणत्या तारखेचं मत सांगू?

जुलै २०२१. दुपारचे साडेतीन, म्हणजे आमच्या हिशोबाने दिवस मावळत आलेला. कोरोनाच्या नियमाने चारला शटर खाली घ्यायचं असल्यामुळे मी अस्तराचे ठाण आत सरकवत होतो. तेवढ्यात आमच्याकडे नेहमी माल घेणाऱ्या एका शिवणवाल्या ताईंची मुलगी आली. समाजकार्य शिकते, कॉलेजने प्रकल्प दिलाय म्हणाली, आणि एक फॉर्म पुढे केला. ‘स्थानिक निर्बंधांबाबत नागरिकांचे मत’. प्रश्न पहिला: निर्बंध योग्य होते असे आपणास वाटते का? त्यापुढे पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत चौकोन, आणि सगळ्यात शेवटी ‘सांगता येत नाही’.

मी पेन उघडलं आणि तिथेच अडलो.

“अगं, कोणत्या तारखेचं मत सांगू?”

ती हसली. तिला वाटलं काका पुणेरी बोलताहेत. मी खरंच विचारत होतो. तिला म्हटलं, राहू दे फॉर्म माझ्याकडे, सवडीने भरतो. सवड तर भरपूर होती. चारनंतर मला उद्योगच नव्हता.

आमचं दुकान रविवार पेठेत. आजोबांनी घेतलेला दहा बाय बाराचा गाळा, वर पोटमाळा. अस्तर, रुबिया, फॉल, बुकरम, हुक, चेन, लेस, लटकन, थोडक्यात शिवणाऱ्याला कापड सोडून जे लागतं ते सगळं. लोक मॅचिंग सेंटर म्हणतात. राहायला मात्र सिंहगड रस्त्याला, एका सोसायटीत. सकाळी लिफ्टमध्ये भेटणारी माणसं वेगळी, बाजारातली वेगळी, आणि दुकानात कामाला असलेला मुलगा राहतो ती भवानी पेठेची वस्ती त्याहून वेगळी. दीड वर्ष मी या तिन्ही ठिकाणची मतं ऐकत आलो, आणि पंचाईत अशी की जिथे उभा असेन तिथलं मला पटायचं.

मार्च २०२० मध्ये मत-बित काही नव्हतंच, नुसती भीती होती. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यातच निघाले. २२ तारखेला जनता कर्फ्यू, दुसऱ्या दिवसापासून राज्यात संचारबंदी, २५ पासून देश बंद. २१ दिवसांची तर गोष्ट आहे असं म्हणून मी गल्ल्यात चिल्लर तशीच ठेवून आलो होतो.

एप्रिलमध्ये मास्क सक्तीचा झाला आणि फोन सुरू झाले. पहिला फोन या मुलीच्या आईचाच. त्यांच्या बचत गटाला मास्क शिवायची ऑर्डर मिळाली होती. “दादा, कापड आहे, दोरा आहे, इलॅस्टिक नाही.” आता गंमत बघा. मास्क घालणं सक्तीचं, मास्क शिवणं देशसेवा, पण मास्कला लागणारं इलॅस्टिक विकणारं दुकान अत्यावश्यक नाही! औषधवाला मास्क विकू शकत होता, पण तो मास्क ज्या पाव इंची पट्टीवर कानाला लटकतो ती पट्टी माझ्या कुलपात होती. काही बायकांनी जुन्या लेगिंगच्या चिंध्या कापून लावल्या, कोणी परकराची नाडी लावली. नाडीचा मास्क कानामागे असा काही रुततो की माणूस पाचव्या मिनिटाला तो हनुवटीखाली ओढतो.

शेवटी एका सकाळी मी दुधाची पिशवी हँडलला अडकवून स्कूटर काढली. दांडेकर पुलाच्या नाक्यावर अडवलं. दुकानाची किल्ली दाखवली, मास्कचं सांगितलं. त्या हवालदारांच्या तोंडाला रुमाल बांधलेला. “इलॅस्टिक? मग आमच्या चौकीलाही चार मास्क पाठवा,” म्हणाले आणि सोडलं. पेठांचा भाग आधीच सील झालेला, तरी कुठल्या बोळातून कुठे निघता येतं हे आम्हाला लहानपणापासून पाठ. पोटमाळ्यावरची सगळी बंडलं पोत्यात भरून घरी आणली आणि सोसायटीच्या गेटवर बायकांना द्यायला लागलो.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा निरोप आला. बाहेरची माणसं गेटवर येतात, सभासदांची हरकत आहे. ग्रुपवर कोणीतरी माझं नाव न घेता लिहिलं होतं, ‘काहींना या काळातही धंदाच दिसतो.’ मला राग आला. पण एक कबूल करतो, तेव्हा मी मीटरमागे दोन रुपये जास्त लावत होतो. नवा माल कधी येईल त्याचा भरवसा नव्हता, हे कारण खरं. पण दोन रुपये लावले हेही खरं. आठवड्याने त्याच सेक्रेटरींनी वीस मास्क मागवले. त्यांना मी जुन्या भावाने दिले, का ते मला आजही नीट सांगता येत नाही.

आमच्या सोसायटीचं तेव्हाचं मत एकमुखी होतं: कडक पाहिजे, मिलिटरी आणा. बहुतेकांचं काम घरून चालू होतं, पगार पहिल्या तारखेला जमा होत होता, भाजीवाला गेटवर येत होता. याच काळात आमचा दुकानातला मुलगा फोनवर काय सांगत होता? त्यांच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले होते. “शेठ, घरात बसा म्हणतात. आमच्याकडे घरात बसा म्हणजे आठ जणांनी एका खोलीत बसा. आणि संडास सार्वजनिक. तिथे जायचं तर घरात बसणं मोडतंच ना?” तो निर्बंधांच्या विरोधात नव्हता. त्याच्या गल्लीत माणसं गेली होती, त्याला आजार माहीत होता. त्याचा राग पत्र्यांवर होता. दोरी बांधा, पोलीस उभा करा, पण पत्रा कशाला, आम्ही काय जनावरं आहोत? पगार मी पहिले दोन महिने पूर्ण दिला, नंतर अर्धा. त्यावर त्याने काही म्हटलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

जूनमध्ये दुकानं उघडली ती सम-विषम पद्धतीने. रस्त्याची एक बाजू सम तारखेला, दुसरी विषम. ज्याने हे कागदावर आखलं त्याच्या घरात कोणी ब्लाऊज शिवत नसणार. आमच्या समोरच्या बाजूला साड्यांची दुकानं, या बाजूला आम्ही. बाई विषम तारखेला साडी घेणार आणि अस्तर घ्यायला सम तारखेला पुन्हा बसचे धक्के खात येणार. ज्या गर्दीसाठी हे केलं, ती एका फेरीच्या दोन फेऱ्या होऊन वाढली. शिवाय महिना एकतीसचा असला की ३१ आणि १ दोन्ही विषम, समोरच्यांचे लागोपाठ दोन दिवस. यावरून बाजारात दोन भले व्यापारी, एरवी एका ताटात जेवणारे, चहाच्या टपरीसमोर हमरीतुमरीवर आले होते.

तेव्हाच शिकलो की मॅचिंगचा धंदा फोनवर होत नाही. गिऱ्हाइकं व्हॉट्सअॅपवर साडीचे फोटो पाठवायची. ट्यूबलाइटखाली काढलेला राणी कलर माझ्या फोनवर वांगी दिसायचा. मोरपंखी तर विचारूच नका, दहापैकी सात वेळा हिरवा निघतो. मॅचिंग म्हणजे साडीचा पदर दुकानाबाहेर उन्हात धरायचा, त्यावर अस्तराचा तुकडा ठेवायचा, चिमटीत दोन्ही धरून चुरगाळायचं आणि बाईच्या चेहऱ्याकडे बघायचं. तिची भुवई जरा वर गेली की पुढचा ठाण काढायचा. आता भुवई तेवढी दिसत होती, पण मालाला हात लावू देऊ नका, बदलून देऊ नका, अशा सूचना. मी ठाणांवर प्लास्टिक घातलं. प्लास्टिकमधून सगळेच रंग एक शेड गडद दिसतात. त्या महिन्यात परत आलेला माल मी मुकाट्याने बदलून दिला.

जुलैत पुन्हा दहा दिवस बंद. १० जुलैच्या शुक्रवारी जाहीर झालं, १३ पासून अंमल. बाजारातल्या सगळ्यांचा विरोध. खासदार बापट साहेबांनीही उघड नाराजी दाखवली. सोसायटीत मात्र ‘हवाच होता’. शनिवारी-रविवारी शहरात काय गर्दी उसळली! वाणी, भाजी, दारू, सगळीकडे रांगा. ‘हवाच होता’वाले आमचे शेजारी मला मार्केट यार्डाच्या रस्त्यावर दोन पोती बटाटे घेऊन दिसले. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना. आम्ही दोघांनीही मास्क नीट केले आणि पुढे गेलो.

गणपतीत मात्र कुरकुर ऐकू आली नाही. मानाच्या पाचही गणपतींचं विसर्जन मिरवणुकीशिवाय मंडपातच झालं. रविवार पेठेतल्या माणसाला विसर्जनाच्या रात्री घरी झोप लागणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. वडील रात्री दोनला उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. सिंहगड रस्त्याला ढोल एरवीही ऐकू येत नाहीत. पण मंडळांनी आपसांत बोलून ठरवलं होतं, म्हणून कोणी शब्द काढला नाही. शेजारच्या भांडीवाल्या काकांचं म्हणणं, “आम्हालाही असं बसवून विचारलं असतं तर आम्हीच वेळ ठरवून दिली असती.” खरोखर दिली असती का, मला शंका आहे. सम-विषमवरून भांडलेल्या दोघांपैकी एक तेच होते.

मधले महिने बरे गेले. हप्ते पुढे ढकलायची सवलत ऑगस्टअखेर संपली होती. ढकललेल्या महिन्यांचं व्याज मात्र मुद्दलात चढलेलं. दिवाळीला थोडा हात मोकळा झाला. एप्रिल-मे २०२१ च्या लग्नसराईसाठी मी लेस आणि लटकन उधारीवर भरून ठेवले.

आणि २ एप्रिलच्या शुक्रवारी विभागीय आयुक्तांनी पुण्याचे निर्बंध जाहीर केले. ३ पासून संध्याकाळी सहा ते सकाळी सहा संचारबंदी, हॉटेलं फक्त पार्सलला, पीएमपीच्या बस बंद. बस बंद म्हणजे कात्रज, हडपसर, धायरीहून येणाऱ्या माझ्या शिवणवाल्या बंद. रिक्षाला दीडशे रुपये घालून चाळीस रुपयांचं अस्तर कोण नेईल? त्यातून सावरतोय तोच रविवारी राज्याचा आदेश आला, ५ तारखेपासून लागू. बाजारात सगळ्यांनी ऐकलं होतं की शनिवार-रविवार बंद आणि बाकी दिवस चालू. सोमवारी शटर उघडायला गेलो तर कळलं की अत्यावश्यक सोडून सगळंच महिनाअखेरपर्यंत बंद. आमचा राग बंदपेक्षाही या प्रकारावर जास्त होता. सांगायचं होतं तर सरळ सांगायचं, मी लटकन भरले नसते.

८ एप्रिलला लक्ष्मी रस्त्यावर व्यापाऱ्यांनी मानवी साखळी केली. मी गेलो. अंतर ठेवून, हातात पुठ्ठ्याचा फलक धरून दीड तास उन्हात उभा राहिलो. ‘आम्हालाही जगू द्या’ असलं काहीतरी त्यावर होतं. मी मनापासून उभा होतो. लग्नाला पन्नास माणसं म्हणता तेव्हा निम्मे ब्लाऊज कमी होतात, हे कोणाच्या हिशोबात नसतं. नंतर तर पंचवीस माणसं आणि दोन तासांत लग्न उरका, असा आदेश आला. पंचवीसमध्ये नटणाऱ्या बायका किती, त्यातल्या नवा ब्लाऊज शिवणाऱ्या किती?

त्या दिवशी मला कोणी फॉर्म दिला असता तर मी ‘पूर्ण असहमत’वर कागद फाटेपर्यंत रेघा मारल्या असत्या.

१० तारखेला मेव्हण्याला ताप आला. १३ ला ऑक्सिजन ८८. सिटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी १४. त्या आठवड्यात शहरात दिवसाला हजारो रुग्ण निघत होते आणि बेड म्हणजे लॉटरी. मी, बायको आणि तिचा दुसरा भाऊ तिघांनी मिळून किती फोन केले त्याची गणती नाही. हेल्पलाइनवर नंबर लागायचा, तिथून एका रुग्णालयाचं नाव मिळायचं, तिथे गेलं की ‘आत्ताच भरला’. रात्री अकराच्या सुमारास एका ठिकाणी जागा मिळाली, तीही आधी खुर्चीवर ऑक्सिजन लावून. पुढचे सोळा दिवस माझा मुक्काम त्या रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये.

तिथे आम्ही वीस-पंचवीस नातेवाईक होतो. प्रत्येकाच्या हातात रेमडेसिविरची चिठ्ठी, खिशात चार्जर. एका बाईंनी घरून आणलेली पोळी-भाजी रोज तीन अनोळखी माणसांत वाटून खायच्या. तिसऱ्या-चौथ्या रात्री शिरूरकडचे एक शेतकरी गृहस्थ, मुलगा आत व्हेंटिलेटरवर होता त्यांचा, म्हणाले, “एवढी माणसं मरायला लागलीत आणि बाजारवाल्यांना दुकानं उघडायचीत. लाज कशी वाटत नाही?”

मी म्हणालो, “खरंय.”

एवढंच म्हणालो. नुसतं त्यांना बरं वाटावं म्हणून नाही. त्या क्षणी मला तेच वाटत होतं. मी व्यापारी आहे, आठवड्यापूर्वी फलक धरून उभा होतो, हे सांगितलं नाही. थोड्या वेळाने आमच्या बाजारातल्या ग्रुपवर मेसेज आला, पुढच्या आंदोलनाचं काय करायचं, हात वर करा. खाली धडाधड अंगठे. मी मेसेज पाहिल्याच्या निळ्या खुणा गेल्या असणार, उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी भांडीवाल्या काकांनी स्वतंत्र फोन करून मेव्हण्याची चौकशी केली आणि एका इंजेक्शनची व्यवस्थाही त्यांनीच ओळखीतून लावून दिली. आंदोलनाचं अवाक्षर काढलं नाही.

१४ तारखेच्या रात्री आठपासून आणखी कडक संचारबंदी झाली, २० पासून किराणाही सकाळी सात ते अकरा. ‘कोरोना काय घड्याळ बघून येतो का’ हा विनोद तेव्हा सगळीकडे होता. मीही वर्षभर सांगत आलो होतो. पार्किंगमध्ये तो कोणी सांगितला नाही. उलट तिथल्या लोकांना अकराही जास्त वाटत होते.

मेव्हणा घरी आला. जिना चढताना मध्ये थांबतो, बाकी ठीक. त्या शेतकरी गृहस्थांच्या मुलाचं काय झालं ते कळलं नाही. एका सकाळी ते त्यांच्या जागी दिसले नाहीत, त्यांची चटई मात्र दोन दिवस तशीच होती.

१ जूनपासून दुकानं उघडली. दुपारी दोनपर्यंत. ७ जूनपासून चारपर्यंत, कारण आता राज्याने पाच स्तर केले होते: बाधितांचं प्रमाण किती, ऑक्सिजनचे बेड किती भरलेले, त्यावर जिल्हा कोणत्या स्तरात. १४ पासून संध्याकाळी सातपर्यंत. मी शटरवर वेळेची रंगवलेली पाटी लावली. २८ पासून पुन्हा चार, कारण डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या धास्तीने सरकारने ठरवलं की आकडे कितीही कमी असोत, तिसऱ्या स्तराच्या खाली, म्हणजे जास्त मोकळिकीत, कोणी जायचं नाही. पाटी काढली, खडूने लिहायला लागलो. दर शुक्रवारी तेव्हाचे पालकमंत्री अजितदादा पवार यांची आढावा बैठक असायची. तिच्याकडे आख्खा बाजार दहावीच्या निकालासारखे डोळे लावून बसायचा. दुपारी एकच्या सुमारास प्रत्येक दुकानात मालक मोबाइलवर आणि नोकर मालकाच्या चेहऱ्यावर.

चारच्या वेळेने माझं काय झालं ते सांगतो. आमच्याकडे गिऱ्हाईक दोन प्रकारचं. घरी शिवणाऱ्या बायका दुपारचं जेवणखाण, भांडी आटपून तीनला निघतात. नोकरीवाल्या सहानंतर येतात. म्हणजे एक गिऱ्हाईक चारच्या तोंडावर एकदम आणि दुसरं अजिबातच नाही. शनिवार-रविवार, जेव्हा नोकरीवालीला सुट्टी, तेव्हा आम्ही बंद. तीन ते चार दुकानात उभं राहायला जागा नसायची. दिवसभर विखुरली असती ती माणसं एका तासात कोंबलेली. पार्किंगमध्ये सोळा दिवस काढलेल्या माणसाला ती गर्दी बघून पोटात खड्डा पडायचा. आणि तीच गर्दी गल्ला भरत होती.

मग अर्धं शटर आलं. सगळा बाजार करत होता, मीही केलं. चारला शटर कमरेपर्यंत ओढायचं, आतला एकच दिवा ठेवायचा. मुलगा बाहेर पायरीवर मोबाइल बघत बसल्यासारखा. गिऱ्हाईक आलं की तो शटरवर दोन टिचक्या मारायचा. साठीच्या बायका, गुडघे दुखणाऱ्या, पिशवी पोटाशी धरून ओणव्या होऊन आत यायच्या, उभ्या राहिल्या की आधी कमरेवर हात ठेवायच्या आणि मग हसायच्या. एक आजी म्हणाल्या, “घरातल्या देवालाही मी इतकं वाकत नाही हो आता.” त्या काळोखात मॅचिंग मोबाइलच्या टॉर्चवर व्हायचं. टॉर्चखाली पांढरा आणि ऑफ व्हाइट यांत फरक कळत नाही, हे ज्ञान मी त्या महिन्यात कमावलं.

एकदा सापडलो. टिचकी वाजली, मी शटर उचललं, समोर खाकी. पावती फाडताना ते साहेब म्हणाले, “चारला बंद करून काय होतं, मलाही कळत नाही. पण माझं मत कोण विचारतंय?” मी म्हटलं, साहेब, एक फॉर्म आहे माझ्याकडे, भरता का? ते हसले. पावती रद्द केली नाही.

२ ऑगस्टला राज्याने बहुतेक जिल्ह्यांना रात्री आठपर्यंत सूट दिली आणि ११ जिल्हे होते तसेच ठेवले. त्या अकरात पुणे. मुंबई चालू, आम्ही चारला घरी. बाजार भडकला. ३ तारखेला लक्ष्मी रस्त्यावर घंटानाद. मी दुकानातल्या देव्हाऱ्यातली पितळी घंटा घेऊन गेलो. गेलो, पण फलक धरताना होता तसा जोर मनगटात नव्हता. व्यापाऱ्यांनी ठरवलं, उद्यापासून सातपर्यंत उघडं ठेवायचं. मीही ठेवलं. सहाला एक बाई ऑफिसमधून थेट आली, सरळ उभी राहून आत आली, आणि दाराच्या उजेडात पदर धरून म्हणाली, “बरं वाटलं.”

गंमत म्हणजे या वेळी सोसायटीचा ग्रुप आमच्या बाजूने. मिलिटरी मागणारे गृहस्थ लिहीत होते, ‘किती दिवस हा छळ?’ त्यांची जिम बंद होती आणि मुलगा घरात बसून वजन वाढवत होता. उलट आमचा दुकानातला मुलगा म्हणाला, “शेठ, आपण लस घेतली नाही अजून दोन्ही. थोडं थांबलो असतो तर?” त्याला सोमवारचा पगार दिसत होता, तरी म्हणाला.

९ ऑगस्टपासून पुण्यातही रात्री आठपर्यंत झालं. त्याच आठवड्यात ती मुलगी फॉर्म मागायला आली, संध्याकाळी साडेसहाला. मी ड्रॉवर उपसला. फॉर्म सापडला, पण त्याच्या पाठीवर मी लटकनचा हिशोब केलेला: किती डझन पडून आहेत, कोणत्या भावाने काढले तर उधारी फिटेल. पुढची बाजू कोरीच.

“काका, निदान पहिला प्रश्न तरी. सबमिट करायचंय.”

म्हटलं, “ते शेवटचं ‘सांगता येत नाही’ आहे ना, त्यावर कर खूण.”

ती जरा घुटमळली. “करते. पण मॅडम ते मोजत नाहीत.”